एकोणसत्तर

बेळगावात, कॉलेजच्या हॉलमध्ये चौदा टेबलं.
पुढं कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी,
जाळीमागं एजंटांची नाकं.
मी सात नंबरला.
कन्नडमधल्या हुकमावर माझं नाव
एक काना जास्त घेऊन आलेलं, शालान.
खाली सही केली तीही तशीच.

सील तोडलं. बटण दाबलं.
यंत्र एकदाच वाजतं
आणि अख्खी वाडी त्या आवाजात मावते.
पूर्वी एवढ्या वेळात
पंचवीसच्या पहिल्या गठ्ठ्याला रबरसुद्धा लागायचं नाही.

यंदा साहेबांना आणखी घाई.
फेरी संपली की तीन मिनिटांत
आकडा बाहेरच्या पडद्यावर हवा.
म्हणून कागद मागून, आवाज पुढं:
मी वाचायचं, विद्याश्रीनं टाईप करायचं.
विद्याश्री हुक्केरी, वय तेवीस,
बोटं अशी की जोंधळे निवडतेय.

पाचव्या फेरीला मी म्हटलं, एकोणसत्तर.

एकोण आलं की शेवटी नऊ,
एवढं तिला शेजारणीनं शिकवलेलं.
सत्तर तिला बाजारातून ठाऊक.
तिनं दोन्ही प्रामाणिकपणे जोडले
आणि एकोणऐंशी दाबले.

दहा माणसं जन्माला आली.
पडद्यावर गेली, मोबाइलवर गेली,
नंदगडला कुणीतरी त्यांच्या नावानं
फटाक्यांची माळ लावून मोकळा झाला.

मग बेरीज जुळेना.
निरीक्षकाचं पेन थांबलं, पंखा तेवढा चालू.
चौदा टेबलं त्या दहा जणांची वाट बघत बसली.
कागद आला शेवटी, शिपायाच्या हातातून, चालत.
सहा. नऊ.

विद्याश्री रडवेली.
टीचर, तुमचा आकडा सत्तरपर्यंत जाऊन
परत का येतो?
आमचा अरवत्तोंबत्तु साठावर उभा राहतो
आणि पुढचे नऊ मोजतो.

तेहेतीस वर्षं पाढे म्हणून घेतले,
हे कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, आम्ही आधी भरलेली पंगत बघतो गं,
मग कोण आलं नाही ते.
म्हटलं खरं. पण ते तेव्हाच सुचलेलं,
खोटंही असेल.

पुढं मी एकेक आकडाच वाचला.
आरु. ओंबत्तु. सोन्ने.
भाषा तिची, हेल माझा.
एकदाही चुकलो नाही,
आणि जाळीमागचा एक एजंट दुसऱ्याला म्हणाला,
बाई तिकडची झाली की रे.

खानापूरला मामलेदार कचेरीत
मष्णू शिपाई फळ्यावर निकाल लिहायचा.
खडू ओला करून, म्हणजे ठळक उठतो.
चुकला की थुंकी लावून बोटानं पुसायचा
आणि खालून शंभर जण ओरडायचे,
नीट लिव्ह की गा!
पहाटेपर्यंत हरणारे आणि जिंकणारे
एकाच काडीवर विडी पेटवत.
कोण हरणारा हे ठरायचं होतं अजून.
उगाच गोड करून सांगत नाही,
एका साली त्याच फळ्यावर दगडही बसला होता.

पडद्याला थुंकी लागत नाही.
एकोणऐंशीचे एकोणसत्तर झाले
ते पापणी लवायच्या आत.
ज्यानं माळ लावली
तो तोवर गुलाल आणायला गेलेला.

साडेबाराला सगळं संपलं.
सही, शाई, डबा तसाच भरलेला.
फाटकाबाहेर भजीवाला म्हणाला, आत्ताच?
रात्रीपर्यंतचं पीठ भिजवलंय हो बाई.
आमच्याकडची किती पडली?
मला फक्त सात नंबरचं ठाऊक, म्हटलं.
वीसची मिरची भजी घेतली.
तो कन्नडमध्ये मोजत होता, मी मराठीत,
कागदात पडली तेवढीच पडली.

बस साडेतीनची.
दगडावर बसून राहिले.
इतक्या लवकर निकाल लागल्यावर
माणसानं जायचं कुठं?